टेम्पोची शेवटची आंघोळ

मनोरीच्या कोळीवाड्यात समुद्राला भिणारा एकच माणूस जन्माला आला, आणि देवाने तोही नेमका नाखव्याच्या घरात घातला. तुळशीदास त्याचं नाव. बाप नाखवा, आजा नाखवा, थोरला भाऊ शिवदास तर असा की वारा हुंगून सांगायचा आज बोंबील लागणार की पापलेट. आणि हा धाकटा! होडीत पाय ठेवला की आतडी बाहेर यायची. पहिल्या खेपेला सगळे हसले. म्हणाले, पोर आहे, होईल सवय. सवय कसली होते? खाडीच्या तोंडाशी होडी आली, पहिली लाट लागली की हा काठावर उलटा. बापाने झोडपला, आईने अंगारा लावला, कुणी म्हणालं कच्ची कोलंबी गिळ, कुणी म्हणालं खारं पाणी ओंजळभर पी. सगळं करून झालं. शेवटी एकदा जाळं ओढताना चक्कर येऊन हा पाण्यात पडला, आणि याला वर घेता घेता भरलेलं जाळं सोडून द्यावं लागलं. बापाने किनाऱ्यावर सगळ्यांच्या देखत सांगितलं, "ह्याच्यापेक्षा जालं वाचलं असतं तर बरं झालं असतं."

बाप गेला, पण ते वाक्य राहिलं. वाड्यात अशी वाक्यं मरत नाहीत. तुळशीदासला मुलगी दाखवायला नेलं की चहा यायच्या आधी कुणीतरी विचारायचंच, "हाच ना तो, पानी लागतो तो?" मग चहा यायचा, पण मुलगी यायची नाही. असं दोन-चार घरी झालं आणि मग कुणी नेईनासं झालं.

शिवदासचा मात्र भावावर जीव. दुसऱ्या होडीसाठी साठवलेल्या पैशांत त्याने टेम्पो घेतला. मनोरीहून मार्व्याला बोट सुटते, माणूस पलीकडे जातो, पण मासळीच्या टोपल्या आणि बर्फाच्या पेट्या घेऊन बाया बोरिवलीच्या बाजारात जाणार कशा? उत्तन, भाईंदर असा लांबचा वळसा घालून जायला गाडी हवीच होती. शिवदासने चावी तुळशीदासच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "घे. हिच्यात पोट ढवललं तर सांग." नाही ढवळलं. रस्त्यावर तुळशीदास असा चालवायचा की मागे बसलेल्या बाया झोपी जायच्या आणि टोपलीतला पाला हलायचा नाही.

त्या दिवसापासून तो टेम्पो म्हणजे याची होडी झाली. आता हे म्हणायची गोष्ट नव्हे, खरंच झाली! पावसाळ्यात होड्या वर ओढतात, घासतात, तळाला डांबर फासतात, वर रोगण लावून रंगवतात. तुळशीदास टेम्पोचंही तेच करायचा. खालून डांबर, कारण बर्फाचं खारं पाणी गळून गळून लोखंड खातं. वरून निळा रंग, कडेला पिवळी पट्टी, आणि कपाळावर नाव, 'सगुणाप्रसाद'. सगुणा म्हणजे शिवदासची बायको. शिवदासने हौसेने बायकोचं नाव घातलं होतं, आणि तुळशीदास ते दरवर्षी नव्याने गिरवायचा, जीभ बाहेर काढून, शाळेतल्या पोरासारखा. नारळी पुनवेला होडीला नारळ, तसा टेम्पोलाही. वाडा हसायचा. हसू दे! टेम्पोपुढे उभा राहिला की त्याला कुणाचं काही ऐकू यायचं नाही.

मग शिवदास गेला. जेवताजेवता छातीत कळ आली आणि संपला. होडी विकली गेली, टेम्पो सगुणाच्या नावावर झाला. आणि तुळशीदासही, म्हणा ना, सगुणाच्याच नावावर झाला.

सगुणा म्हणजे बाई नव्हे, खेकडा. धरलं की सोडायची नाही. बोरिवलीच्या बाजारात तिच्याशी भाव करायची हिंमत नव्या गिऱ्हाइकालाच व्हायची, जुनं आपलं मुकाट पिशवी पुढे करायचं. नवरा गेल्यावर तिने घर, पोरगा, धंदा सगळं एकटीने ओढलं, हे खरं. तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण ओढताना जो ओझं वाटला त्याला ती ओझ्यासारखंच वागवत आली. तुळशीदासचं ताट ओटीवर. सगळ्यांचं झाल्यावर. कालवणातलं डोकं-शेपूट त्याचं, मधला तुकडा पोराचा, दिपेशचा. झोपायला जाळ्यांची खोली. पगार? घरच्या माणसाला पगार असतो होय! आणि बोलायचं ते हुकुमापुरतं. "तुलश्या, गाडी काढ." "तुलश्या, पेटी उचल." एवढ्यावर या माणसाने वर्षांमागून वर्षं काढली, आणि विचारलं तर म्हणायचा, "वयनीचा माझ्यावर लय इस्वास हाय." घ्या! विश्वास!

पण एक गोष्ट होती जी त्याला कुणी दिली नव्हती आणि कुणी काढूनही घेतली नव्हती. स्टिअरिंग. पहाटे बाया टोपल्या घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "तुलशीदास, चल रं." तुलश्या नाही, तुलशीदास. गाडीत बसला की पुरं नाव. तेवढ्यासाठी तो जगत होता, बाकी सगळं त्याने सोडून दिलं होतं.

आता गाडी म्हातारी झाली. पंधरा वर्षं सरली, धूर ओकायला लागली, चढाला लागली की बाया देवाचं नाव घ्यायच्या, आणि डिझेल तर अशी प्यायची की विचारू नका. तेव्हा दिपेशच्या बायकोने, नमिताने, मोबाइलवर ती योजना काढली. जुनी गाडी सरकारमान्य सेंटरवर मोडीत द्यायची. तिथून एक सर्टिफिकेट मिळतं. ते दाखवलं की नव्या गाडीच्या टॅक्समध्ये सूट, कंपनीवालेही थोडं उतरवतात, वर भंगाराचा भाव वेगळा. सूट मिळाली तरच नवा टेम्पो परवडणार होता, नाहीतर नाही. केतन म्हणून मालाडचा एजंट होता, गाडीचं पासिंगही वर्षानुवर्षं तोच करून आणायचा. त्याने सगळं जुळवून दिलं. नवी गाडी बुक झाली, बयाणा गेला.

आणि त्याच दिवशी स्वयंपाकघरात ठरलं की नवी गाडी दिपेश चालवणार. दिपेश घरोघरी पार्सलं टाकायचा, त्यात दम राहिला नव्हता. तो तरी विचारता झाला, "आणि काका?"

"काका बर्फ फोडील," सगुणा म्हणाली. "जेट्टीवर मानूस लागतोच."

"त्याला सांगायला नको?"

"सांगितलं तर जुनी सेंटरवर नेनार कोन? तू? त्या खटाऱ्याचा दुसरा गिअर तरी पडतो का तुना?"

खरंच होतं ते. त्या गाडीचा गिअर कुठे दाबून कुठे ओढायचा हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तेव्हा त्या माणसाला गाडी मोडीत नेईपर्यंत गोड ठेवायचं, मग सांगायचं. किती सोपं! बाजाराच्या बायांना मात्र सगुणाने सांगून टाकलं. बायांनी "बरं झालं गो, पोराच्या हाताला काम" म्हटलं आणि तोंडं मिटली.

इकडे तुळशीदास वेगळ्याच नादात. हायवेवरच्या शोरूमला जाऊन तो नव्या टेम्पोत बसून आला. गिअर टाकून बघितला, आरसा वळवून बघितला. तिथला पोरगा म्हणाला, "काका, चालवणार कोण?" हा म्हणाला, "कोन मंजी? मीच!" मग रोज पहाटे गाडीत बायांना सांगायचा. नवीन गाडीत पाठीला टेकायला उशा लावणार. उत्तनच्या खड्ड्यांचं नावसुद्धा ऐकू येणार नाही. बाया हूं हूं करायच्या. कुणी कुणाला कोपरखळी मारायची. एक जण तर एकदा म्हणाली, "उशी लाल घे रं तुलशीदास, मना लाल आवडते." बाकीच्यांनी पदर तोंडाला लावले. त्याला वाटलं, खूश झाल्यात.

केतनने एक गोष्ट बजावून सांगितली होती. गाडी आहे तशी आणा. काही खोलू नका, काही घासू नका, काही बदलू नका. नमिताने ते सासूला सांगितलं. आणि सगुणाने तुळशीदासला काय सांगितलं? "तुलश्या, गाडीला आता हात लावू नको. एक पैसा घालायचा नाय तिच्यावर." बस. हुकूम तेवढाच, कारण द्यायची सवयच नव्हती.

तुळशीदासने त्याचा अर्थ लावला, वयनीला खर्च नको आहे. बरोबरच आहे म्हणा, भंगारात जाणाऱ्या गाडीवर पैसा कोण घालतो? पण कोळ्याचा एक रिवाज आहे. होडी मोडायला काढली की तिला शेवटची आंघोळ घालतात. तळापासून घासतात, शेवाळ-शिंपले खरवडतात, हळदकुंकू लावतात आणि मग तिच्यावर कुऱ्हाड ठेवतात. मळकी होडी मोडली तर नवी रुसते म्हणतात. तुळशीदासला आयुष्यात होडी मिळाली नव्हती, पण रिवाज ठाऊक होता. त्याने ठरवलं, वयनीचा पैसा नको, आपला घालू. कुणाकुणाच्या जाळ्यांना गाठी मारून देताना मिळालेले चार पैसे होते त्याच्याकडे. वेल्डिंगवाल्या बाळाकडून ग्राइंडर आणला.

दुपारी, बाया बाजारातून येऊन आडव्या झाल्यावर, तो बोंबील वाळत घालायच्या वलांड्यांच्या सावलीत टेम्पोखाली शिरला. वर्षानुवर्षांचं डांबर, त्याखाली गंज, गंजाखाली खड्डे. त्याने सगळं घासून काढलं. कोपरा न् कोपरा. पुढच्या उजव्या चाकाच्या मागे फ्रेमवर गंजाचे पोपडे फार होते, तिथे तर तो जास्तच वेळ राहिला, जोर लावून, लोखंड आरशासारखं होईपर्यंत. गाडीचा नंबर म्हणजे केबिनमध्ये पत्र्याच्या पट्टीवर असतो तो, एवढंच त्याला ठाऊक. ती पट्टी त्याने चिंचेने घासून लख्ख केली. फ्रेमवरही एक नंबर ठोकलेला असतो, चासी नंबर, आणि खरा तोच, हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पासिंगला केतनची माणसं गाडीखाली शिरायची तेव्हा हा कोपऱ्यावर चहा पीत उभा असायचा.

घासून झाल्यावर वरून रोगण. नावही गिरवलं. सगुणाप्रसाद.

सेंटर वसईच्या पुढे, हायवेला लागून. सगुणा पुढे तुळशीदासच्या शेजारी बसली, दिपेश आणि नमिता स्कूटरवर मागून. टेम्पोच्या कपाळाला झेंडूचा हार. वाटेत लोक बघायचे, लग्नाची गाडी असावी तसे. सगुणा खिडकीबाहेर तोंड करून बसली होती. तुळशीदास मात्र नुसता फुलला होता.

सेंटरवरच्या मॅडमचं नाव संघमित्रा. तरुण बाई, कामाला चोख. टेम्पो आत आला तशी तीही हसली. "काका, इतकी नटवून कुणी गाडी आणत नाही हो इथे."

"शेवटची आंघोल घातली, मॅडम," तुळशीदास म्हणाला.

एक माणूस बॅटरी घेऊन गाडीखाली गेला. बराच वेळ गेला. मग त्याने आतूनच हाक मारली, "मॅडम, चासी नंबर नाहीये."

"गंजला असेल. घासून बघ."

"घासायचं काय? घासूनच ठेवलाय. पार गुळगुळीत केलाय कुणीतरी."

संघमित्राचं हसू गेलं. ती स्वतः वाकली, बघितलं, उठली आणि कोरडेपणाने म्हणाली, "हे कुणी केलं?"

आणि हा बावळट! छाती पुढे काढून म्हणतो, "मीच! सगला तल मी एकट्यानं घासला."

तिने शांतपणे समजावलं. चासी नंबर घासलेली गाडी म्हणजे कायद्याने संशयाची गाडी. चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच घासतात. अशी गाडी मोडीत घेता येत नाही, सर्टिफिकेट मिळत नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर सूट नाही. उलट पोलिसांना कळवणं तिला भाग होतं.  नमिता म्हणाली, "बुडालो! बयाणा पण गेला!" दिपेशने तिथल्या तिथे काकाची आईबहीण काढली, म्हणजे स्वतःच्या आजीची काढली, पण रागात कोण हिशेब बघतं.

"एक मार्ग आहे," संघमित्रा म्हणाली. "इंजिन नंबर शाबूत आहे. ज्याने घासला त्याने पोलीस चौकीत जबाब द्यायचा की चुकून झालं, माहीत नव्हतं. चौकशी होईल, आरटीओ नंबर पुन्हा ठोकून देईल. उशीर लागेल, पण सूट मिळेल. फक्त जबाब सरळ हवा. चुकून, एवढंच." ती चौकीला फोन लावायला आत गेली.

तुळशीदासच्या जिवात जीव आला. हात जोडून तो सगुणापुढे उभा राहिला. "वयनी, माजी चूक झाली गो. पन तू काय घोर करू नको. मी सांगतो ना, चुकून झाला म्हनून. नवी गाडी आली की पयल्या खेपेला तुना फुडं बसवून नेतो बोरिवलीला. अशी नेतो की…"

"तू नेतोस?" सगुणा इतकी ओरडली की पलीकडे लोखंड कापणारी माणसं थांबली. "तू? अरं, तुना कोन देतो नवी गाडी? गाडी दिपेशची हाय. केवाच ठरलंय. तू उद्यापासून जेट्टीवर बर्फ फोडायचा."

 तो दिपेशकडे वळला. "दिपेश?"

दिपेशने मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागला.

"काका, तुमचं वय झालं ना आता," नमिता म्हणाली. "लायसन्स पण संपत आलंय."

तुळशीदासने विचारलं, "बाजारातल्या बायांना… त्यांना नाय ना सांगितलं?"

"सगल्यांना ठाऊक हाय," सगुणा म्हणाली. "तुज्याबिगर सगल्यांना."

लाल उशी! ती बाई लाल उशी मागत होती, आणि बाकीच्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. ते हसणं आता त्याला एक एक करून ऐकू यायला लागलं. चौकीपर्यंत चालत गेले सगळे. तुळशीदास सगळ्यांत मागे होता. त्याच्या नखांत निळं रोगण अजून होतं.

चौकीतला हवालदार पोक्त माणूस, चष्मा नाकावर. त्याने कागद घेतला, नाव-गाव लिहिलं आणि म्हणाला, "हां, तर साफसफाई करताना नंबर चुकून घासला गेला. बरोबर?"

"नाय," तुळशीदास म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"मुद्दाम घासला."

पेन थांबलं. दिपेश पुढे झाला. "काका, येडा झालास का? चुकून म्हण!"

"मुद्दाम," तुळशीदास म्हणाला. खुर्चीत ताठ बसला होता तो. "मना ठाऊक होता नंबर कुटं असतो ते. हिची सूट बुडवायची होती मना. म्हनून ग्राइंडर आनला नि घासला. लिवा, सायब."

"अहो, कळतं का काय बोलताय? नंबर मुद्दाम मिटवला म्हणजे गुन्हा होतो. आत जाल."

"जातो. लिवा."

जन्मात पहिल्यांदा हा माणूस खोटं बोलत होता, आणि काय सफाईने बोलत होता! नमिता दोन पावलं मागे सरली. तिच्या डोळ्यांत भीती होती, खरीखुरी भीती, एवढी वर्षं ओटीवर जेवणारा हा म्हातारा आपलं घर बुडवू शकतो ही. तुळशीदासने ती बघितली. कशाला लपवा, त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं. गाडी गेली होती, बाया हसल्या होत्या, पण आता मनोरीत म्हणतील की तुळशीदासने दावा साधला. नादाला लागू नका त्याच्या. मूर्ख कुणी म्हणणार नाही. तेवढ्यासाठी तो तुरुंगात जायला तयार होता, अगदी हसत.

हवालदाराने सगुणाकडे बघितलं. "बाई, तुमची गाडी. तुमचं काय म्हणणं? मुद्दाम केलं म्हणतायत हे. तसं असेल तर तुम्ही फिर्याद द्या."

 आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. सगुणाने पदराने मान पुसली आणि बाकड्यावर बसली.

"नका लिवू ते, सायब," ती म्हणाली. "ह्याला मुद्दाम काय करता येत नाय."

"मंजी काय?" तुळशीदास फिस्कारला.

"मंजी नाय येत. मी बघत होते." ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती, हवालदाराला सांगत होती. "खिडकीत उभी होते दुपारची. हा गाडीखाली निजून घासत होता नि गात होता. हलदीची गानी. नवरीला न्हाऊ घालताना बाया गातात ती. रोगण लावून झाल्यावर गाडीच्या नाकावर हात फिरवून रडला. दावा काढनारा मानूस रडतो का हो, सायब?"

हवालदाराने चष्मा काढला. दिपेश म्हणाला, "आई, तू बघत होतीस? आणि थांबवलं नाहीस? केतनने सांगितलं होतं ना घासू नका म्हणून!"

"उठले होते मी थांबवायला," सगुणा म्हणाली. "पायात चपला घातल्या होत्या. मग म्हटलं जाऊ दे, घासू दे येड्याला. उद्यापासून ह्याच्याकडं काय उरनार हाय? आख्ख्या जल्मात एकदा दया केली मी ह्याची. एकदाच. नि बघा काय झाला."

"खोटं बोलते ती!" तुळशीदास उठला. त्याचा आवाज चिरकला. "मुद्दाम केलंय मी. सायब, देवाशपथ मुद्दाम. वयनी, सांग ना गो ह्यांना. तुजं काय जातंय? मी जातो ना आत. मुद्दाम केलं म्हन ना गो." आणि तो खाली बसला, तिच्या पायाशी. तिचं पाऊल दोन्ही हातांनी धरलं. "एकदा म्हन."

सगुणाने पाऊल सोडवून घेतलं. "लिवा सायब, चुकून. लिवा, अक्कल नाय म्हनून झाला."

हवालदाराला हसू आवरेना. वाईट माणूस नव्हता तो, पण हसू आलं. "काका," तो म्हणाला, "गाणं कोणतं म्हणत होतात?"

 हवालदाराने जबाब लिहिला, वाचून दाखवला. अज्ञानामुळे, चुकून, कोणताही वाईट हेतू नसताना. तुळशीदास सही करायला तयार होईना. तेव्हा सगुणा म्हणाली, "कर सही. आत गेलास तर डबा कोन आनील तुना? हाय कुनी तुजं?"  त्याने सही केली.

पुढे सगळं रीतसर झालं. इंजिन नंबर जुळला, नवा नंबर ठोकला गेला, टेम्पो सेंटरवर कापला गेला. सर्टिफिकेट आलं, सूट मिळाली, अगदी म्हटली होती तेवढी. पांढरा टेम्पो दारात आला. नारळ दिपेशने फोडला. बाया बसल्या आणि म्हणाल्या, गाडी कशी पाण्यासारखी चालते गो.

चौकीतली गोष्ट नमिताने एका बाईला सांगितली, म्हणजे सगळ्यांना सांगितली. बोरिवलीला जाईपर्यंत गाडीत ती सांगून झाली, येताना परत एकदा झाली. कसा छाती काढून बसला होता, कसा म्हणाला मुद्दाम, मग कसा पायाशी लोळला. सांगणारीगणिक त्यात भर पडत गेली. जेट्टीवरच्या पोरांनी ती उचलली आणि त्याचं नावच पाडलं, मुद्दाम. "ए मुद्दाम, बर्फ आण!" "मुद्दाम, पेटी चुकून पाडलीस की मुद्दाम?" आता तुलश्यासुद्धा कुणी म्हणत नाही.

पहिले काही दिवस तो त्या नावाला वळायचा नाही, ऐकू न आल्यासारखा मोगरीने बर्फ फोडत राहायचा. मग होड्यांवरचे लोक खवळायला लागले, मासळी उन्हात पडून राहते म्हणून. सगुणाने त्याला एकदाच बजावलं की काम नाही तर ताट नाही. आता पहिल्या हाकेला वळतो.